उजव्या पायाचा रकाना

ऑफिसात तिला सगळे टपालबाई म्हणत, आणि तिला ते आवडायचंही. ऑनलाइन दुकानदार आपापल्या मालाची शीट पाठवत आणि ती ज्याने त्याने आपल्या मर्जीने भरलेली असे. कुणी किमतीच्या रकान्यात 'विचारा' लिही, कुणी रंगाच्या रकान्यात 'एकदम झकास'. जाहिराती दाखवणाऱ्या कंपनीचे रकाने मात्र ठरलेले होते: नाव, किंमत, रंग, माप, फोटो. दुकानदाराचा कुठला रकाना कंपनीच्या कुठल्या रकान्यात जाऊन पडायचा, हे ठरवणं टपालबाईचं काम. एकदा शेजारच्या टेबलावरच्या पोराने वजनाचा रकाना किमतीला जोडला होता, तेव्हा लोखंडी कपाटं अर्धा दिवस साबणाच्या भावात दिसत होती. तिच्या हातून असलं काही होत नसे, आणि तसं ती चारचौघांत सांगायलाही लाजत नसे.

एका गोष्टीची मात्र तिने ऑफिसात कधी वाच्यता केली नव्हती. लहानपणच्या आजारपणानंतर तिचा उजवा पाय दोन नंबरांनी मागे राहिला होता. डावा सात, उजवा पाच. जगात बूट जोडीने मिळतात, म्हणून ती सातचे घ्यायची आणि उजव्यात कापूस कोंबायची. तिची आई म्हणायची, "कोणाला दिसत नाही गं, नीट चाल म्हणजे झालं." नीट चालण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि त्याचा तिला मनापासून कंटाळा आला होता.

अशात जोडेवाले काका ग्राहक म्हणून आले. काका आणि काकू घरामागच्या खोलीत बूट बनवत. एक पाय लहान असलेल्यांसाठी, अपघातात पाऊल आखडलेल्यांसाठी, सुजेने एकच पाय फुगलेल्यांसाठी. त्यांच्या शीटमध्ये मापाचे दोन रकाने होते, 'डावा' आणि 'उजवा'. शीट उघडल्यावर टपालबाई बराच वेळ नुसती बघत बसली. वीस वर्षं ज्या दुकानाच्या शोधात होती, ते तिच्या समोर पडलं होतं, तेही कामाचा भाग म्हणून.

पण पहिली जोडणी मॅनेजरांनीच उरकून टाकली. ती त्या दिवशी रजेवर होती आणि त्यांना घाई होती. कंपनीकडे मापाचा रकाना एकच, म्हणून त्यांनी 'डावा' तिकडे जोडला आणि 'उजवा' काढून टाकला. मग काय व्हायचं तेच झालं. डावा सात आणि उजवा पाच, डावा सात आणि उजवा सहा, डावा सात आणि उजवा आठ, हे सगळे बूट सॉफ्टवेअरला एकसारखेच दिसले. पुन्हा पुन्हा आलेला माल समजून त्याने एकेक ठेवला आणि बाकीचे उडवले. शीट आटोपशीर झाली म्हणून मॅनेजर खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. "अहो ताई, माझे बूट गेले कुठे? एवढे पाठवले होते, आता चार दिसताहेत. आणि सात नंबरचं गिऱ्हाईक आलं तर मी त्याला उजवा कुठला देऊ?"

"काका, आज संध्याकाळपर्यंत सगळे परत दिसतील," ती म्हणाली. शब्द देऊन मोकळी झाली, आणि मगच तिच्या लक्षात आलं की मॅनेजरांना विचारायचं राहिलंय.

तिने दोन्ही रकाने एकाच रकान्यात एकापुढे एक बसवले: 'डावा ७, उजवा ५'. कंपनीचा मापाचा रकाना अक्षरंही घेतो, त्यामुळे त्यात अडचण काहीच नव्हती. चाचणी केली तेव्हा बूट सगळे परत आले, फक्त प्रत्येकाशेजारी पिवळी खूण उमटली. माप नेहमीच्या पद्धतीचं नाही, एवढाच त्या खुणेचा अर्थ. लाल खूण असती तर माल नाकारला गेला असता. पिवळी म्हणजे नुसती कुरकुर.

मॅनेजरांना पिवळ्याचंही वावडं होतं. त्यांनी तिला लॅपटॉपसकट केबिनमध्ये बोलावलं.

"टपालबाई, हे काय मांडलंय? आपल्या एकाही ग्राहकाची शीट पिवळी नसते, ही आपली ओळख आहे. उजवा काढा आणि आत्ता पाठवून द्या."

"सर, उजवा काढला तर काकांचं दुकानच उरत नाही. त्यांच्याकडे विकायला दुसरं आहे काय?"

"अहो, सरळ जोड्या विकू दे की त्यांना. आपण त्यांच्या भल्याचंच सांगतोय." ते हसले. "आणि मला सांगा, दोन पायांची दोन मापं असलेली माणसं असतात तरी किती? अपवादांसाठी का कोणी रकाने बनवतं?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं हे तिने दुकानांत ऐकलं होतं, शाळेत ऐकलं होतं, नात्यातल्या बायकांच्या कुजबुजीत ऐकलं होतं, आणि दर वेळी ती मान खाली घालून निघून आली होती. आज मान खाली घालायची नाही, असं काही तिने ठरवलेलं नव्हतं. पण मान खाली गेलीच नाही.

तिने वाकून दोन्ही बूट काढले आणि मॅनेजरांच्या टेबलावर, त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवले. उजव्यातून कापसाचा मळकट बोळा निम्मा बाहेर आला होता.

"किती असतात ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "एक तुमच्यासमोर उभी आहे. डावा सात, उजवा पाच."

मॅनेजरांनी बुटांकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे, मग घाईघाईने खिडकीबाहेर. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "अहो, हे आधी सांगायचंत ना. आम्हाला काय कल्पना? तुम्हाला काही सवलत हवी असेल, खालच्या मजल्यावरची जागा, उशिरा यायची मुभा..."

त्या मऊपणाचा तिला आधीच्या हसण्यापेक्षा जास्त राग आला.

"मला सवलत नको, सर. रकाना हवाय."

"हे बघा, तुमचं दुःख वेगळं आणि धंदा वेगळा."

"मला दुःख नाहीये. मला बूट हवेत. आणि बूट घ्यायचे तर ते आधी दिसायला हवेत. मी 'डावा सात, उजवा पाच' शोधलं की काकांचं दुकान समोर यायला हवं, एवढंच मागते मी. हाच धंदा आहे, सर. आपण दुसरं काय विकतो इथे?"

मॅनेजरांचा चेहरा पुन्हा कडक झाला. "मी उजवा काढायला सांगितलंय. पाठवलंत तर परिणामांना तुम्ही जबाबदार. नोकरीवर येईल, आधीच सांगून ठेवतो."

घरभाडं, आईची औषधं, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. घाबरली ती, त्यात काही खोटं नाही. पण घाबरून हात मागे घेतला असता, तर पुढची वीस वर्षं कापूस कोंबत काढावी लागली असती, तीही आपल्याच हाताने रकाना पुसून. ते तिला जमलं नसतं.

तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि दोन्ही पायांची मापं तशीच ठेवून बटण दाबलं. पडद्यावर 'पाठवले' उमटलं आणि त्याखाली पिवळ्या खुणांची लांबलचक रांग लागली.

काचेपलीकडे सगळं ऑफिस माना उंचावून बघत होतं. मॅनेजर उभे राहिले. त्यांनी बोट टेबलाकडे केलं.

"आधी ते बूट उचला इथून."

"जाहिरात दिसायला लागली की उचलते," टपालबाई म्हणाली, आणि लॅपटॉप काखेत मारून अनवाणीच आपल्या जागेवर जाऊन बसली.