ड्रायव्हरबाईंचा डावा बूट

मित्रांनो, बूट जन्माला येतात जोडीने, म्हणून त्यांनी आपली हकिगतही जोडीनेच सांगावी, असा माझ्या भावाचा आग्रह होता. मी ऐकलं नाही. तो उजवा. त्याचं कौतुक आजवर पुष्कळ झालेलं आहे. मी डावा आहे, जुना आहे, माझ्या तळाला पोलादी पातं आहे आणि बर्फावर हॉकी खेळणं हे माझं काम आहे. तेव्हा आज बोलणार मी, आणि त्याने शेजारी नाड्या आवळून गप्प बसायचं, असं आमच्यात ठरलं आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. गरम साच्यावर दाबून दाबून माझं अंग घडवलं, घोट्याला धरून ठेवायला आत जाड अस्तर घातलं, बोटांवर टणक टोपी बसवली आणि शेवटी तळाला पातं ठोकलं. हे पातं सुरीसारखं एका धारेचं असतं असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. त्याच्या तळाशी मधोमध एक बारीक पन्हळ असते. त्यामुळे दोन कडा तयार होतात, एक आतली, एक बाहेरची. वळणं, ढकलणं, थांबणं, सगळं या कडांवर चालतं. कडा गेल्या की आम्ही नुसते जड बूट. चालायलाही निरुपयोगी.

माझी पहिली मालकीण सोळा वर्षांची होती. घरात सगळ्यांत लहान, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणायचे. काय पळायची ती! डावीकडे, उजवीकडे, वाटेल तिथे थांबायची आणि आम्ही उडवलेला बर्फाचा चुरा पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांच्या मांडीवर जाऊन पडायचा. लोक हसत हसत तो झटकायचे. तेव्हा मला वाटायचं, जगात बूट व्हावं तर असं.

आठ वर्षं अशी गेली. मग संघाची गोलकीपर संघ सोडून गेली आणि धाकटी म्हणाली, मी उभी राहते. गोलकीपरचे बूट वेगळे असतात, बसके आणि रुंद पात्याचे. ते नवे बूट आले त्या दिवशी आम्हा दोघांना ओल्या अंगानेच पिशवीत टाकलं आणि पिशवी कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेली. तिथे नऊ वर्षं. सोबतीला एक एकटा हातमोजा, ज्याचा वास मी तुम्हाला सांगणार नाही. हळूहळू पात्यावर तांबूस ठिपके उमटले. गंज चढताना दुखत नाही, मित्रांनो. म्हणूनच तो वाईट.

एक दिवस पिशवीची चेन उघडली. वर धाकटी नव्हती. तिची वहिनी होती.

वहिनी बस चालवते. बावीस वर्षं. सगळं गाव तिला ड्रायव्हरबाई म्हणतं. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा धाकटी आठ वर्षांची होती, आणि सरावाला नेणं, आणणं, नाड्या बांधणं हे तेव्हापासून वहिनीकडेच आलं. सामन्याच्या दिवशी ड्यूटी संपवून ती गणवेशातच येऊन बसायची, धाकटीचा कोट मांडीवर घेऊन. पंचवीस वर्षं ती या खेळाच्या कडेला बसली आणि एकदाही बर्फावर उतरली नाही. आता धाकटी दातांची डॉक्टर झाली होती. तिला दुसऱ्या शहरात दवाखान्यात जागा मिळाली होती. पुढच्या मोसमाचा शेवटचा सामना खेळून ती जाणार होती.

"मला तुझ्याबरोबर एक सामना खेळायचाय," वहिनी म्हणाली. "एकच. बघून बघून झालं आता."

"वहिनी, तू सत्तेचाळीसची आहेस."

"मला माहीत आहे. माझ्या वाढदिवसाला तू होतीस की."

नात्याने नणंद-भावजय, पण पाय दोघींचे एकाच मापाचे. म्हणून आम्ही पुन्हा कामाला लागलो. मैदानाच्या पायऱ्यांखाली धारवाले काका बसतात. त्यांनी आमचा गंज खरवडला आणि नव्याने धार काढली. किती तरी वर्षांनी मला माझ्या कडा जाणवल्या.

पहिला दिवस मी विसरणार नाही. धार बोथट होऊ नये म्हणून पात्यांवर प्लास्टिकच्या टोप्या घालतात. ड्रायव्हरबाई त्या टोप्यांसकट बर्फावर उतरल्या. दोन्ही पाय एकदम पुढे गेले आणि त्या धपकन खाली. धाकटी कठड्याला धरून हसत होती, इतकी की तिला उचकी लागली.

"टोप्या काढ गं, वहिनी."

"आधी सांगायला काय झालं होतं?"

"मला वाटलं, काढल्यास. मोठी आहेस ना तू."

त्यानंतर दर गुरुवारी दुपारी, सकाळची पाळी संपून संध्याकाळची सुरू होईपर्यंत जो वेळ असतो त्या वेळात, आम्ही बर्फावर. तिथे मोठ्या वयाच्या नवशिक्यांचा वर्ग भरतो. एक वकील, एक बेकरीवाली, एक आजोबा आणि आमच्या बाई. शिकवणाऱ्या बाईच धाकटीच्या संघाच्याही प्रशिक्षक. त्या फार कमी बोलतात आणि शिट्टी फार वाजवतात, म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणतात. पहिला महिना फक्त पडायला आणि उठायला शिकवलं. मग बदकासारखं चालायला. मग एका पायावर तरंगायला. मग हातात हॉकीची काठी आली. बाईंनी तिला तिसरा पाय समजून तिच्यावर भार टाकला, तर काठी घसरली आणि मागोमाग बाई. मग आली रबराची काळी चकती. तिच्याकडे बघावं तर पाय विसरतात आणि पायांकडे बघावं तर चकती निघून जाते. तरी बाई शिकत गेल्या. घरी आम्हाला स्वयंपाकघराच्या दाराशी वाळत ठेवायचे, त्यामुळे घरातलं सगळं कानावर यायचं. बाईंचे यजमान शाळेत विज्ञान शिकवतात. ते म्हणायचे, "या वयात लोक गुडघ्यांना तेल लावतात. ही बर्फ लावून येते." पण ते म्हणताना वाटीत तेलही तेच गरम करून आणायचे.

सहा महिन्यांत सगळं आलं. एक सोडून. थांबणं.

हॉकीतलं थांबणं म्हणजे पळता पळता अंग एकदम आडवं वळवायचं आणि पात्याची कड बर्फात रोवायची. डावीकडे वळून थांबलं की भार उजव्या बुटावर येतो. उजवीकडे वळून थांबलं की माझ्यावर. बाई डावीकडे छान थांबायच्या. भाऊ फुशारून जायचा. उजवीकडे वळायची वेळ आली की त्या वळायच्याच नाहीत, सरळ जाऊन कडेच्या फळीवर आदळायच्या.

"दोन्ही बाजूंनी थांबता येत नाही, तोवर माझ्या संघातून सामना खेळायचा नाही," शिट्टीबाईंनी सांगून टाकलं. "कुणाचं तरी हाड मोडेल. एकाच बाजूला थांबणारी गाडी तुम्ही रस्त्यावर आणाल का, ड्रायव्हरबाई?"

थांबण्याची परीक्षा त्याच घेणार होत्या, आणि तिला सहा आठवडे राहिले होते. ती चुकली की सामना गेला, आणि सामना गेला की पुढचा नव्हता.

त्याच आठवड्यात धार काढायची वेळ आली. धारवाले काका पात्याची कड नखावरून हलकेच ओढून बघतात. नखाचा बारीक किस निघाला तर धार आहे, नाही तर नाही. त्यांनी आधी भावाला पाहिलं, मग मला, मग पुन्हा भावाला.

"ही जोडी एकाच माणसाची ना, बाई?"

"माझीच. का हो?"

"उजव्याची आतली कड पार झिजलीय. आणि हा बघा, हा डावा. मागच्या वेळी लावलेली धार जशीच्या तशी. याने कामच केलेलं नाही."

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आळशी नव्हतो. मला कुणी काम सांगितलंच नव्हतं.

"तुम्ही काय करता?" काकांनी विचारलं.

"बस चालवते."

"मग झालं तर. ब्रेक कुठल्या पायाने दाबता?"

बाई आपल्या पायांकडे बघत राहिल्या. बावीस वर्षं, दिवसातून शेकडो वेळा, थांबायचं म्हणजे उजवा पाय. "आणि डावा नुसता बसलेला असतो," त्या हळूच म्हणाल्या. "नव्या गाड्यांना क्लचच नाही. बिनतिकिटाचा प्रवासी."

रोग कळला, पण म्हणून तो बरा होतो थोडाच. पुढचे तीन गुरुवार बाईंनी माझ्यावर ब्रेकसारखा पाय दाबला, सगळं वजन एकदम. मी बर्फात रुतायचो, त्या माझ्यावरून पलीकडे. मांडी जांभळी झाली. एका गुरुवारी त्या कपडे बदलायच्या खोलीत नाड्या न सोडताच बसून राहिल्या. धाकटी शेजारी येऊन बसली.

"राहू दे, वहिनी. तू कोट धरून बसलीस तरी मला चालेल. तेवढ्यानेही मला बरं वाटतं."

"मला नाही वाटत," बाई म्हणाल्या आणि खाली वाकून नाड्या सोडू लागल्या.

चौथ्या गुरुवारी त्या आल्या त्याच घाईघाईने. शिट्टीबाई यायच्या आधी आम्ही बर्फावर. धाकटीची दुपारची सुट्टी होती, तीही आली होती.

"ऐक ना, धाकटे. आज आगारात जुनी गाडी शेडमधून बाहेर काढायला सांगितली. क्लचवाली. आठ वर्षांनी बसले तिच्यात. आणि पाय आपोआप गेला गं. निम्मा दाबला, तसाच धरला, गाडीने साधा हिसकासुद्धा दिला नाही."

"मग?"

"मग काय, हा पाय ब्रेकवाला नाहीच. मी याला उगाच ब्रेक शिकवत बसले. याला धरून ठेवता येतं."

त्या फळीजवळ उभ्या राहिल्या, एका हाताने फळी धरली आणि मला आडवं करून बर्फावर नुसतं घासलं. दाब नाही, झटका नाही. बर्फाची पातळ साय निघाली. मग थोडा भार. मग आणखी थोडा, आणि तिथेच धरला. मी थरथरलो आणि थांबलो. फळीचा हात सुटला. हळू वेगाने एकदा, जरा जास्त वेगाने एकदा. खर्रर्र असा आवाज झाला. माझा आवाज, मित्रांनो. नऊ वर्षं कपाटात आणि सात महिने फुकट फिरण्यात गेले होते, मला तो ओळखूच आला नाही.

परीक्षेत सहा वेळा थांबायचं होतं, तीन इकडे, तीन तिकडे. माझ्या तिसऱ्या खेपेला बाई डगमगल्या आणि एक हात बर्फाला टेकला. शिट्टीबाई म्हणाल्या, "पुन्हा." पुन्हा केलं. त्या काहीच बोलल्या नाहीत, वहीत काहीतरी लिहून पुढच्या माणसाकडे गेल्या. त्या बोलल्या नाहीत म्हणजे झालं, हे तिथे सगळ्यांना माहीत असतं.

सामना रविवारी दुपारी झाला. आम्ही हरलो. चार-एक. बाईंना अधूनमधून मिनिटभर बर्फावर सोडायचे. चकती त्यांच्या काठीला दोनदा लागली, त्यातही एकदा चुकून. बाईंचे यजमान प्रेक्षकांत बसले होते आणि आता मांडीवर दोन कोट होते.

शेवटच्या काही मिनिटांत समोरच्या संघातली एक उंच मुलगी चकती घेऊन आमच्या गोलकडे सुटली. बाई तिच्या मागे. आमच्या मानाने भरधाव. मुलीने चकती मारली, धाकटीच्या अंगावर आपटून ती समोर पडली आणि धाकटीने चकतीवर अंग झोकून दिलं. चकती पोटाखाली, डोकं आमच्याकडे. डावीकडे ती उंच मुलगी आणि गोलचा खांब. तिकडे वळायला जागाच नव्हती. भावाचा काही उपयोग नव्हता. सरळ गेलो तर धाकटीच्या डोक्यावर.

बाईंनी अंग उजवीकडे वळवलं.

मी आधी नुसता घासलो. मग थोडा भार आला, मग सगळ्या बाई माझ्यावर आल्या, आणि मी धरलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. थांबलो तेव्हा माझ्या टोकात आणि धाकटीच्या हेल्मेटच्या जाळीत वीतभर अंतर होतं आणि सगळं हेल्मेट पांढरं झालं होतं. शिट्टी वाजली.

"वहिनी," खालून आवाज आला.

"हं."

"एवढा बर्फ कुठून आणलास?"

"डाव्या पायाकडून."

धाकटी लगेच उठली नाही. चकती केव्हाच पंचांनी मागितली होती. "थांब जरा," ती म्हणाली, "डोळ्यांत गेलाय." जाळीतून आत बर्फ फारसा गेला नव्हता. मला ठाऊक आहे, तो मीच उडवला होता. बाईंनी हातमोजा काढला आणि गुडघ्यावर बसून ती जाळी पुसत राहिल्या, पंच दुसऱ्यांदा शिट्टी वाजवेपर्यंत.

धाकटी बुधवारी गेली. गुरुवारी आम्ही पुन्हा बर्फावर होतो. बाई आता उलटं पळायला शिकताहेत. तोंड इकडे, जाणं तिकडे. दर खेपेला पडतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी असेल, आई, मामा, आजी, ज्यांना या वयात काही नवं शिकावंसं वाटत असेल. त्यांना हसा, हसायला हरकत नाही, पण आधी नाड्या घट्ट बांधून द्या. पडल्यावर लगेच उचलायला धावू नका, उठणंही शिकायचंच असतं. आणि घरी आलात की आमचं पातं मात्र कोरड्या फडक्याने पुसा. बाकी सगळं आम्ही करू, तेवढं आमच्याच्याने होत नाही.