वकिलाचं कोरडं वावर

एलॉय आर्चुलेतानं उभी हयात दुसऱ्यांच्या पाण्यासाठी भांडण्यात घालवली आणि स्वतःचं वावर कोरडं ठेवलं. घ्या! ओहितोस गावात भेटेल त्याला हा बाबा दरडावायचा, "पाणी वापरा, नाहीतर हक्क बुडेल. न्यू मेक्सिकोचा कायदा कुणाची गय करत नाही." आणि बापाच्या जर्दाळूच्या वावरात स्वतः मात्र त्यानं सहा वर्षं पाण्याचं दारं धरलं नव्हतं. कोर्टातून सवड कुठली? पाळी आली की शेजारच्या प्रोकोपियामावशीला सांगायचा, "माझंही पाणी घे गं मावशी, मिरच्या वाळतायत तुझ्या." पाटावर असंच चालतं, तोंडी. पाणी देताना सही मागायची म्हणजे शेजाऱ्याला चोर म्हणायचं.

डोंगराखाली नवी वसाहत बांधणाऱ्या कंपनीला गावच्या पाटाचं पाणी हवं होतं. गावातर्फे हरकत घेऊन एलॉय उभा ठाकला होता. सुनावणीच्या दिवशी कंपनीचा वकील व्हिटकॉम्ब यानं त्याला कोर्टाच्या व्हरांड्यात गाठलं.

"काल तुझ्या वावरावरून गेलो, एलॉय. झाडं पार वाळली की रे."

"मग?"

"मग काही नाही. गावाची हरकत मागे घे. मी ते वावर पाहिलंच नाही."

एलॉयची मुलगी मार्सेला शहर सोडून त्याच वावरात घर बांधणार होती, झाडं पुन्हा लावणार होती. पाण्याशिवाय ती जमीन म्हणजे नुसता फुफाटा. मायलेकी समोरच बाकावर बसल्या होत्या. त्यानं दोघींना सगळं सांगून टाकलं.

मार्सेलाचा चेहरा उतरला. "मला विचारू नका, बाबा. मी हो म्हणेन."

त्याची बायको क्लेओफास मात्र तडकली. "सहा वर्षं! जन्मभर जेवताना मला पाण्याचे कायदे ऐकवलेस, म्हातारोबा, आणि स्वतः शेण खाल्लंस?" तिनं त्याचा टाय ओढून सरळ केला. "आता आणखी खाऊ नकोस. जा आत."

तो आत गेला आणि कुणी बोलायच्या आधीच उभा राहिला.

"जजसाहेब, माझं स्वतःचं वावर सहा वर्षं कोरडं आहे. पाणी मी शेजारणीला दिलं. हे व्हिटकॉम्बसाहेबांना ठाऊक आहे, आणि गप्प बसायला त्यांना काय हवंय तेही त्यांनी आत्ताच बाहेर सांगितलं. माझं पाणी बुडत असेल तर खुशाल बुडू द्या. गावाचा एक थेंब मी सोडणार नाही!"

व्हिटकॉम्बचं तोंड बघण्यासारखं झालं.

गावाची हरकत टिकली. एलॉयचं पाणी मात्र पुढं रीतसर गेलं. निकाल वाचून तो वावरात जाऊन बसला आणि वाळक्या जर्दाळूला टेकून पोटभर रडला.

मग पाट साफ करायचा दिवस आला. दर वसंतात गावची ही रीत. पाटकरी फाकुंदो काठीनं एकेकाचा टप्पा आखतो, नाव पुकारतो. ज्याचं पाणी, त्याचा टप्पा. पाणी नाही त्याला टप्पा नाही.

"जाऊ नकोस," क्लेओफास म्हणाली, "लोक कीव करतील."

"का जाऊ नको? मी काय चोरी केलीय?" एलॉयनं फावडं उचललं.

तो काठावर उभा राहिला. नावं पुकारली जात होती. मावशीनं लावलेला गडी तिच्या टप्प्यात उतरला. आता पुढचं आपलं नाव गाळलं जाणार, म्हणून एलॉयनं मान खाली घातली.

फाकुंदोनं काठी ओढून नवा टप्पा आखला. "आर्चुलेता! बघत काय उभा राहिलास? आमंत्रणपत्रिका छापू?"

"माझं पाणी गेलंय, फाकुंदो."

"जजनं घेतलं असेल. मी नाही घेतलं. येत्या पाळीला मावशीचं निम्मं पाणी तुझ्या वावरात सोडतोय."

"अरे, बेकायदेशीर आहे ते!"

"मग ठोक केस! गावात वकील एकच आहे, तो माझ्या बाजूनं उभा राहील."

सगळा पाट खो खो हसला. मावशी काठावरून ओरडली, "सहा वर्षं माझ्या मिरच्या तुझं पाणी प्यायल्या. आता गप खाली उतर, मेल्या!"

एलॉयचे डोळे भरून आले. तो फावडं रोवून खाली उतरला. तेवढ्यात मागून कुणीतरी धपकन उडी मारली. बापाचे जुने बूट चढवून, हातात दुसरं फावडं घेऊन मार्सेला आली होती.

"सरका बाबा," ती म्हणाली, "निम्मा टप्पा माझा."