त्रिकोणाचे दार

पळसाची फुले कोमट पाण्यात भिजू लागली की त्यांचा मंद, किंचित तुरट गंध पहिलीच्या वर्गातून व्हरांड्यात उतरत असे, आणि वंदनाबाई शाळेत आल्याचे आम्हाला न पाहताच कळत असे. आष्टीकडच्या त्या माळावरच्या दोनशिक्षकी शाळेत मी तिसरी-चौथीला शिकवीत होतो आणि पलीकडच्या खोलीत त्या चिमुकल्यांना रंग शिकवीत होत्या: पळसाचा केशरी, हळदीचा पिवळा, चुलीतल्या कोळशाचा काळा. विकतच्या रंगांची पेटी कपाटात होती, पण जो रंग आपल्या हाताने उगाळला तो मूल विसरत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांचा आवाज कधी चढला नाही. ज्वारी काढून झालेल्या रानावर सायंकाळ उतरावी, तसा तो वर्गावर पसरत असे.

एका चैत्रात पहिलीतली दिव्या परत आली. आईबापांबरोबर ती सहा महिने ऊसतोडीला गेली होती. सोबतची मुले तोवर वाचू लागली होती, आणि ही सहा वर्षांची मुलगी गुडघ्यांत हनुवटी खुपसून भिंतीशी बसून राही. दोन आठवडे तिने शब्द उच्चारला नाही. मी एकदा तिच्या हाती पाटी देऊ लागलो, तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "राहू द्या सर. बोलंल तिच्या मनानं."

मग आकारांचा दिवस आला. बाईंनी सगळ्यांना आपापले घर काढायला सांगितले. कुणी चौकोनावर छप्पर चढवले, कुणी गोल सूर्य टांगला. दिव्याने कोळशाने फक्त एक मोठा त्रिकोण काढला आणि तो हळदीने भरला.

"असं कुटं घर असतंय व्हय!" शेजारचा ओरडला आणि वर्ग खदखदला.

बाई हसल्या नाहीत. त्या दिव्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या. "मला बांधता येत न्हाई गं असलं घर. दाखवतीस?"

बाई थांबून राहिल्या. मग दिव्याने दोन काड्या उचलल्या. "दोन बांबू असे तिरके. मधी एक आडवा. वरून उसाचं पाचट घालायचं." थोडे थांबून ती म्हणाली, "कोपी म्हणत्यात. आमी आत झोपतो."

दुपारपर्यंत अंगणात तुराट्यांच्या आणि पाचोळ्याच्या बारा कोप्या उभ्या राहिल्या होत्या. कोणाची काडी कशी टेकवायची ते दिव्या सांगत होती, आणि सकाळी ओरडलेला तो मुलगाच तिला पाचोळा आणून देत होता.

दसऱ्यानंतर तिची आई निरोप घ्यायला शाळेत आली. "नेती हिला. धाकट्याला सांभाळायला कुनीतरी पायजे ना बाई."

बाईंनी उपदेश केला नाही. त्यांनी त्या माउलीला भिंतीवर लावलेल्या त्या पिवळ्या त्रिकोणापाशी नेले. ती पदराचे टोक दातांत धरून कितीतरी वेळ पाहत राहिली. मग तिचे बोट चित्राच्या मधोमध टेकले, जिथे दिव्याने मागाहून एक छोटा चौकोन काढला होता.

"दार काढलंय हिनं," ती म्हणाली. "आमच्या कोपीला दार न्हाई हो. रात्रीला पोतं लावतो."

बाईंनी फक्त तिच्या खांद्यावर हात ठेवला. दोन दिवसांनी ऊसतोडीच्या गाड्या निघाल्या, तेव्हा धाकटा आईच्या कडेवर होता आणि दिव्या चुलतीचा हात धरून रस्त्याच्या कडेला रडत उभी होती. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. पौषात तिने आईला पहिले पत्र लिहिले; त्यात तीनच ओळी होत्या, पण त्या तिच्या स्वतःच्या होत्या.

पुढे बाईंची बदली अंबाजोगाईकडे झाली आणि पहिलीचा वर्ग माझ्याकडे आला. एखादे मूल अडते, माझ्या ओठांवर उत्तर येते, आणि मी ते गिळून त्याच्यासमोर जमिनीवर बसतो. काळ माणसांना दूर नेतो. त्यांची थांबण्याची रीत मात्र केव्हा आपली होऊन बसते, हे स्मृतीलाही फार उशिरा उमगते.