चौदा अंशांचं पाणी

“तुरटी फिरवली हो मी त्या टबात,” प्रेमलानं दारातच सांगितलं. “पाणी किती गढूळ झालं होतं! तुमच्या अंड्यांचे हाल बघवेनात.”

तुरटीच्या पाण्यात ही अंडी जगत नाहीत, हे ठाऊक असलेले रामदास तसेच टबाकडे धावले. होणाऱ्या पिल्लांसाठी जिवंत खाद्य आणायला ते कसबा पेठेत गेले होते. बायकोनं पावसाळ्यात पिण्याच्या पाण्यात फिरवतात तशी तुरटी फिरवली होती, तीही मायेनं. आता तिच्यावर ओरडणार तरी कोणत्या तोंडानं?

मुलगा धम्मदीप कंपनीतर्फे अमेरिकेला गेला, तेव्हा ॲक्सोलोटलची जोडी वारज्याच्या फ्लॅटमध्ये ठेवून गेला. चार पायांचे, मानेशी पिसांसारखे कल्ले असलेले हे परदेशी जलचर. चार वर्षांत तो एकदाही आला नव्हता. रविवारी कॉम्प्युटरवर दिसला की आधी या जोडीची चौकशी. मार्चमध्ये म्हणाला, “बाबा, ब्रीड करून दाखवा. पिल्लं बघायला मी नक्की येतो.”

रामदासांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मुलांना कापायला बेडूक काढून दिले होते. जीव वाढवायचं काम पहिल्यांदाच वाट्याला आलं आणि ते इरेला पेटले. नर-मादी वेगळे ठेवले. टाकीवर चादर टाकून आधी उजेड कमी केला, मग हळूहळू वाढवला. बर्फाच्या बाटल्या बदलत पाणी चौदा अंशांवर आणलं. तळाला खरबरीत फरशी, कडेला पाणवनस्पती, आणि मग दोघांना एकत्र सोडलं. तीन महिने असे गेले, तेव्हा कुठे पानापानाला अंडी चिकटली. आईबापच अंडी खातात, म्हणून त्यांनी ती टबात काढली होती.

तुरटीचं पाणी त्यांनी लगेच बदललं. तरी तिसऱ्या दिवशी सगळी अंडी मरून पांढरीफटक पडली. प्रेमलाला त्यांनी काही सांगितलं नाही.

रविवारी ती भाजीला गेली असताना धम्मदीप दिसला. “बाबा, एग्ज?”

“गेली रे. माझंच चुकलं. माझ्या हातून पाण्यात नको ते पडलं.”

“ओह. इट्स ओके. मग तिकिटाचं नेक्स्ट इयर बघतो. तसंही प्रोजेक्ट टाइट आहे.”

“आई येईलच आत्ता. थांबतोस?”

“मीटिंग आहे, बाबा.”

पडदा काळा झाला. रामदासांना रडू आलं, आणि घरात कोणी नव्हतं म्हणून ते रडले.

“काय म्हणाला?” प्रेमलानं आल्या आल्या विचारलं.

“रजा मिळत नाही म्हणाला.”

“अंडी फुटली की येईलच बघा!” ती टबावर वाकली. “पांढरी झालीत की. वाढली वाटतं?”

“हो,” रामदास म्हणाले. तिच्या हातातली पिशवी घेऊन ते खाली बसले आणि मेथी निवडू लागले.