सात कारणं आणि डॅग्नीची बकरी

अरे, डॅग्नीचं काय झालं ऐका तरी! अमेरिकेच्या उत्तर भागात, त्या तळ्याकाठच्या एवढ्याशा गावात तिने बंद पडलेल्या चीजच्या कारखान्यात बिअर बनवायला घेतली. टाक्या भरल्या, पण परवाना काही मिळेना. दारूखात्याचे क्राउझ साहेब तीनदा आले आणि तीनदा नाही म्हणून गेले. एकदा म्हणाले, "गावाला दोन बार पुरेत." एकदा म्हणाले, "बाटलीवरच्या चित्रातली बकरी मला उर्मट वाटते." वाटते! त्यांना वाटलं की विषय संपला, दाद मागायची तरी कुणाकडे?

आता आणखी पंधरा दिवस गेले असते तर सगळी बिअर मोरीत ओतावी लागली असती. आणि तेवढ्यात राज्याच्या विधानसभेत कायदा झाला की! नाही म्हणायचं तर कायद्यात लिहिलेल्या सात कारणांपैकीच एक द्यायचं, नाहीतर मुकाट सही करायची.

शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये मासे तळणं चालू होतं. दर शुक्रवारी असतंच, सगळं गाव लोटतं. क्राउझ साहेब थेट तिथेच आले, हातात कायद्याचा कागद.

डॅग्नी तिथेच ताटं वाढत होती. म्हणाली, "या साहेब. बकरी अजून उर्मटच आहे."

"गप गं." त्यांनी चष्मा चढवला. "शाळेजवळ?"

"शाळा दीड मैलावर."

"आधीचा गुन्हा?"

"एकदा बाबांचा ट्रॅक्टर तळ्यात घातला होता."

"ते यात नाही," साहेब पुटपुटले. हॉलमध्ये हशा! एकेक कारण वाचत सातव्यापर्यंत गेले, कागद उलटा करून मागेही पाहिलं. मग परवान्यावर सही ठोकली.

डॅग्नी किंचाळलीच! तिचे बाबा ऑरिन झारा टाकून धावत आले.

साहेब मात्र हलेनात. हळूच म्हणाले, "बावीस वर्षं या हॉलच्या दारातून वास घेऊन परत जातोय. कुणाच्या टेबलाशी बसलो असतो तर दुसरे म्हणाले असते, याने क्राउझला खिशात घातला. आता माझ्या हातात काही उरलंच नाही ना?"

"काही म्हणजे काही नाही!" ऑरिन म्हणाले.

"मग सरका जरा."

डॅग्नीने त्यांच्यापुढे मासा वाढला, पळत कारखान्यात जाऊन टाकीची तोटी उघडली आणि पहिला ग्लास त्यांनाच आणून दिला. साहेबांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"कडू आहे. मला नाही आवडली."

"नका आवडू देऊ," डॅग्नी हसत सुटली, "सही झालीय!"

आणि साहेबांनी ग्लास रिकामा केला.