बुरुल आपा वर जाऊन बसते

चोंग-बुलाकला वारा असा सुटतो की सकाळी खालच्या गल्लीत वाळत घातलेली विजार संध्याकाळी वरच्या गल्लीतल्या माणसाच्या अंगात सापडते. अशा गावात बातमीला कितीसा वेळ लागणार! बुरुल आपाने ग्रामकचेरीत जाऊन 'मला घरी मदतीला माणूस हवं' असा अर्ज दिला, आणि काठी टेकत ती फाटकाशी पोचली तोवर नारिनपासून राजधानी बिश्केकपर्यंत तिच्या सासरच्या कुळातल्या प्रत्येक फोनवर तो अर्ज पोचला होता. कुळाचा व्हॉट्सअॅप ग्रुप वाऱ्याच्याही एक पाऊल पुढेच असायचा.

आपा म्हणजे आई. बुरुलला पोटचं मूल नव्हतं, पण सगळं गाव तिला आपाच म्हणायचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागे एकदा बर्फावर घसरून खुबा मोडला. तो सांधला खरा, पण तेव्हापासून डावा पाय कुठे जायचं ते स्वतःच ठरवायला लागला. पाणी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या नळावरून आणायचं, त्यातलं निम्मं वाटेवरच्या धुळीला पाजायचं. लाकडं फोडणं तर सुटलंच होतं. उन्हाळा कसाबसा निभला. पण तिथला हिवाळा असा की बोललेला शब्द दाराबाहेर गोठून पडतो आणि वसंतात वितळल्यावर ऐकू येतो.

"काकू, हा हिवाळा इथे काढायचा नाही," पुतण्या तुर्दाकुन फोनवर बजावायचा. "बिश्केकला ये आमच्याकडे. नववा मजला आहे, मस्त ऊन येतं."

बुरुलने तो नववा मजला एकदा पाहिला होता. तिथे लिफ्ट बंद पडली की माणूस ना जमिनीचं राहत, ना आभाळाचं. तिला आपल्याच घरात राहायचं होतं, आपल्या चुलीपाशी, आपल्या जर्दाळूच्या झाडासमोर. अर्ज एवढ्याचसाठी होता.

संध्याकाळी थोरल्या दिरांचा, शामेन दादांचा फोन आला. ऐंशी कधीच ओलांडली होती, पण आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरला तरी पुरे.

"बुरुल! कूळ मेलं का आपलं? सरकारी बाई येऊन आमच्या घरच्या सुनेचा केर काढणार?"

"दादा, तसं नाही हो..."

"मग कसं? लोक शेण घालतील तोंडात. एवढं मोठं कूळ, आणि एक म्हातारी जड झाली! ती तपासायला येणारी बाई कधी येतेय?"

"शुक्रवारी म्हणाल्या."

"येऊ दे. शुक्रवारी आम्ही सगळे असू. तू एकटी आहेस की नाही ते बघू दे तिला!"

बुरुलने फोन ठेवला आणि डोक्याला हात लावला. कचेरीतल्या मुलीने तिला नीट समजावून सांगितलं होतं: ही मदत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना, ज्यांच्या हाताशी रोजचं करणारं कोणी नाही त्यांना. शुक्रवारी घर माणसांनी भरलेलं दिसलं की अर्ज गेला, आणि मागोमाग ती नवव्या मजल्यावर. बरं, परक्या बाईसमोर, थोरल्या दिरांच्या तोंडावर 'ही माणसं माझ्याकडे फिरकतही नाहीत' असं म्हणायचं तर ते तिच्या जिभेला जमणारं नव्हतं. ती जीभ जन्मभर सून म्हणून वागली होती. दिरांचं नावसुद्धा तिने आजवर उच्चारलं नव्हतं.

शुक्रवारी इतक्या गाड्या आल्या की गल्लीतली पॉपलरची झाडं अंग चोरून उभी राहिली. इतकी माणसं उतरली की आत बसताना भिंती जरा मागे सरकवाव्या लागल्या. कोणी बोरसोकांचं, म्हणजे पिठाच्या तळलेल्या गोळ्यांचं, पातेलं आणलं, कोणी टरबूज, तर तुर्दाकुनच्या बायकोने, अनाराने, बिश्केकहून क्रीमचा केक आणला. तो घाटात एका बाजूला झोपला होता. दारासमोरच्या भिंतीशी, गोधड्यांच्या चळतीपुढे मानाची जागा. तिथे शामेन दादा बसले आणि बाकीचे वयाच्या उतरंडीने दोन्ही बाजूंना. बुरुल नेहमीसारखी दारापाशी, चहाच्या वाडग्यांजवळ.

तपासणीसाठी आलेल्या दामिराबाई पन्नाशीच्या, साध्या कोटातल्या. आत पाऊल टाकलं आणि त्या उंबऱ्यावरच थबकल्या.

"लग्न आहे का कोणाचं?"

"छे हो! रोजचंच हे," अनारा म्हणाली. "आम्ही असेच असतो सारखे काकूंकडे."

दामिराबाई बसल्या. "बरं. आपाला पाणी कोण आणून देतं?"

"मी!" तिघे एकदम म्हणाले आणि एकमेकांकडे बघायला लागले.

"लाकडं?"

"आमचा धाकटा फोडतो," एक चुलत जाऊ म्हणाली.

"धाकटा म्हणजे तो रशियात असतो तोच ना? माझ्या भाच्याबरोबर आहे."

"हो, तोच. येतो ना तिकडून."

"लाकडं फोडायला?"

"फार माया आहे त्याची!"

"आणि औषधं?"

"औषधं कूळ आणतं," शामेन दादा गरजले.

"कोणती औषधं चालू आहेत, दादा?"

"कुळाला सगळं ठाऊक असतं. नावं सांगत बसत नाही ते."

दामिराबाईंनी पेन खाली ठेवलं आणि बुरुलकडे वळून म्हणाल्या, "आपा, तुम्हीच सांगा. मी काय लिहू? इथे तर तुम्हाला पाय पसरायला जागा नाही एवढी माणसं दिसताहेत. ही सोय ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी आहे. ही सगळी खरंच तुमचं करतात का?"

सगळी खोली बुरुलकडे बघू लागली. तिने डोक्याच्या रुमालाच्या टोकाशी चाळा केला. 'नाही' म्हणावं तर कुळाची अब्रू गेली, 'हो' म्हणावं तर घर गेलं.

"अगं बुरुल," दादा घाईघाईने म्हणाले, "बाईंना चहा दे आधी."

बुरुल सवयीने गुडघ्यावर हात ठेवून उठली. पाय नेहमीप्रमाणे भलतीकडे निघाला. आणि तिथेच, अर्धवट उभ्या उभ्या, तिच्या मनात काहीतरी आलं. ती चहाच्या वाडग्यांकडे गेलीच नाही. बसलेल्यांच्या गुडघ्यांमधून वाट काढत ती थेट वर गेली, मानाच्या जागेशी.

"दादा, जरा सरकता का?"

दादा इतके चकित झाले की सरकले. बुरुल गोधड्यांना पाठ टेकून बसली. तिथून खोली कशी दिसते हे तिला लग्नाच्या दिवसापासून ठाऊक नव्हतं. बरी दिसत होती.

"जन्मभर या घरात मीच चहा ओतला," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. "आज माझं सगळं करणारी माणसं घरात आहेत. मग मी कशाला उठू? तुम्ही घरचे, मी आजच्यापुरती पाहुणी. द्या गं मला चहा कोणीतरी."

आता त्या मुलखात दस्तरखानावर, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या कापडाभोवती, दोनच जाती: चहा ओततो तो घरचा, नुसता पितो तो पाहुणा. आणि इथे तर झाडून सगळे पिण्याच्या पवित्र्यात बसलेले. बराच वेळ केकवरच्या माशीशिवाय कोणीच हललं नाही. शेवटी अनारा उठली.

"मी आणते की! तुर्दाकुन, तू बाहेर समोवार पेटव."

ती स्वयंपाकघरात गेली. कपाटांची दारं उघडल्याचे आवाज आले, झाकणं पडल्याचे आले, मग तिचा आला.

"काकू, चहा कुठे ठेवता हो?"

"तुझ्या नेहमीच्याच जागी असेल की," बुरुल म्हणाली.

मग पुन्हा हाक आली. "काकू, नळ दिसत नाही."

"कुठला गं?"

"पाण्याचा!"

"तो कोपऱ्यावर."

"घराच्या?"

"गल्लीच्या."

चुलत जाऊ टरबूज कापायला सुरी शोधत होती, तिला लाटणं मिळालं. पाणी आणायचं म्हणणारे तिघे बादली शोधायला गेले आणि गाईच्या गोठ्यातून रिकाम्या हाताने परत आले; गाय बुरुलने खुबा मोडला त्या वर्षीच विकली होती. एवढ्यात अंगणातून धूर आत आला आणि त्यामागून तुर्दाकुनची हाक.

"अनारा, पाणी भरलंयस ना यात?"

"मी? मला वाटलं तू भरलंस!"

रिकामा समोवार, तो चहाच्या पाण्याचा तोटीवाला बंब, आधी कण्हला, मग लाल झाला, मग तोटीचा सांधा वितळून ती टपकन खाली पडली. अंगणातल्या कुत्र्याने ती हाड समजून तोंडात धरली आणि पोळल्याबरोबर जो धूम पळाला तो म्हणे डोंगर ओलांडून चीनच्या हद्दीत जाऊन भुंकत बसला. दोन्हीकडच्या शिपायांना त्याचं काय करावं ते कळेना.

दामिराबाईंनी रुमाल तोंडाला लावला होता. त्यांचे खांदे मात्र हलत होते.

शामेन दादांनी बुरुलकडे पाहिलं. ती कोणाला एक वेडावाकडा शब्द बोलली नव्हती. हात मांडीवर ठेवून ती मुकाट चहाची वाट बघत होती. दादांच्या मिशीखाली काहीतरी हललं आणि मग ते असे हसले की छपरावरची माती पडली.

"लिहा हो बाई," ते डोळे पुसत म्हणाले. "लिहा की कूळ चांगलं आहे, पण लांब राहतं. बाकीचं तुम्हाला दिसलंच."

"लांब राहतं," दामिराबाईंनी लिहिलं. "यात लाज कसली, दादा? निम्म्या गावाची पोरं लांब आहेत."

"पण ताई," अनारा काजळीचे हात घेऊन दारात आली, "सरकार फुकट देतं म्हणजे उद्या काकूंचं घर लिहून घेणार ना?"

"घराला कोणी हात लावत नाही. पेन्शनही आपाचीच राहते. मदतीला येणाऱ्या बाईचा पगार सरकार देतं, आपाने द्यायचा नाही. आठवड्यातून दोनदा येईल. पाणी भरेल, लाकडं, गोवऱ्या आत आणून ठेवेल, पाव, औषधं आणेल, दवाखान्यात नेईल. आपाला जे नको असेल ते करणार नाही."

"आणि आम्ही?" तुर्दाकुनने दबकत विचारलं. "आम्हाला काही नेमून देणार का?"

"काही नाही. याल तेव्हा या."

तुर्दाकुनने असा श्वास सोडला की खिडकीचे पडदे उडाले. तो बुरुलच्या पायाशी येऊन बसला. "काकू, खरं सांगू? सासू-सासरे आल्यापासून आमच्याकडे मोकळी अशी फक्त बाल्कनी होती. रोज झोपताना विचार करायचो, हिला ठेवू कुठे."

"ठाऊक होतं रे राजा," बुरुलने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "मागे आले होते तेव्हा ती बाल्कनी मोजून आले होते मी. माझा पाय मावत नाही तिच्यात."

मग मात्र सगळी घरच्यासारखी वागली. दादांनी स्वतः टरबूज फोडलं, कोणी बादली शेजारून आणली, आणि चहा शेवटी एका पातेल्यात झाला. इतका काळा की वाडग्याचा तळ दुसऱ्या दिवशी दिसला. बुरुलने तो वर बसूनच प्यायला आणि आणखी मागितला.

पुढच्या आठवड्यात मदतनीस आली. सोनुन तिचं नाव, गावातलीच, दंड भरलेले, बोलणं चुलीतल्या लाकडासारखं तडतडणारं. दोन बादल्या कोपऱ्यावरून एका दमात आणून तिने ओट्यावर ठेवल्या.

"हां आपा, सांगा. आधी लाकडं, का औषधं?"

बुरुलने डोक्याचा रुमाल सोडला. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, कचेरीतही नाही. खुबा मोडल्यापासून तिला वाकून केस धुताच येत नव्हते. आतल्या पांढऱ्या वेण्यांची दोरखंडं झाली होती.

"केस," ती म्हणाली.

"अगं बाई! एवढंच ना? बसा उन्हात."

सोनुनने पाणी तापवलं, स्टूल जर्दाळूखाली मांडलं आणि वेण्या हळूहळू उकलल्या. वर डोंगराच्या कडेला नवं बर्फ दिसायला लागलं होतं. बुरुलने त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग मान मागे टाकून डोळे मिटले.

"अजून एक तांब्या ओत गं," ती म्हणाली. "छान गरम आहे."