पट्टा बदलल्यानंतर

बबनरावांनी बाटलीतल्या पाण्याची बारीक धार फिरत्या पट्ट्यावर सोडली आणि मान वर करून मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"वाढला ना आवाज?"

उत्कर्षा पुढच्या चाकाशी उभी होती. पाणी पडताच चिरका आवाज बंद झाला होता. आता नुसतं इंजिन घुरघुरत होतं.

"नाही अण्णा. थांबला."

"हां, थांबलाच की," ते म्हणाले. "इंजिनच्या घरघरीत पटकन कळत नाही."

तेवढ्यात तो परत सुरू झाला. इतका कर्कश, की स्कूटरखाली झोपलेलं कुत्रं उठून फाटकाकडे चालू लागलं. बबनराव अजून तिच्याकडेच बघत होते.

गाडी मूळची त्यांचीच. ओजसच्या जन्मानंतर त्यांनी ती उत्कर्षाला देऊन टाकली होती. पुनावळ्याहून इकडे दापोडीला लेकराला घेऊन बसनं कुठं हिंडतेस, म्हणाले होते. गेला महिनाभर गाडी सकाळी सुरू करताना ओरडायची, दिवे लावले की जास्तच ओरडायची, आणि मधूनच बॅटरीचा लाल दिवा लागून विझायचा. गेल्या रविवारी बबनरावांनी बॉनेट उघडून दोन मिनिटं कान दिला आणि सांगितलं, "अल्टरनेटरचा पट्टा गेलाय. बदलून टाक." तिनं बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा कोरा पट्टा जुन्यासारखाच ओरडला.

तिला नवल वाटलं होतं. चाकणच्या कंपनीत त्यांनी सगळी नोकरी पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काढली होती. गल्लीतली माणसं त्यांच्याकडे मोटारसायकली घेऊन यायची, आणि ते जागेवरून न उठता सांगायचे, साखळी आहे का बेअरिंग. अण्णांचा कान चुकला, असं घरात कुणी म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं.

"अजून एकदा टाकतो," बबनराव म्हणाले.

या वेळी उत्कर्षानं चेहरा हलू दिला नाही. धार पडली, आवाज थांबला. थोड्या वेळानं परत आला. बबनराव बाटली धरून वाकलेलेच राहिले. त्यांची नजर तिच्या डोळ्यांवरून ओठांवर आली, परत डोळ्यांवर गेली. न्हाणीघराचं दार चुकून उघडावं आणि आत कुणी असावं, तसं तिला झालं. तिनं मान वळवली.

"थांबला आणि परत आला," ती मोठ्यानं, सावकाश म्हणाली. "दोन्ही वेळेला तसंच झालं."

"मग पट्टा सैल नाही. सैल असता तर पाण्यानं जास्त ओरडला असता." ते सरळ झाले. "एखादी पुली तिरकी पळतेय. बंद कर गाडी."

त्यांनी पान्यानं बोल्ट सैल करून पट्टा काढला आणि एकेक पुली हातानं फिरवून पाहिली. पट्टा ताणून धरणाऱ्या छोट्या पुलीपाशी त्यांची बोटं थांबली. त्यांनी ती पुन्हा फिरवली, मग धरून हलवली.

"हिचं बेअरिंग गेलंय. आतून खरखरतंय आणि डुगडुगतंय पण." चिंधीला हात पुसत ते म्हणाले, "तुला पट्टा उगाच बदलायला लावला मी."

"जुनाच झाला होता तो."

पट्टा परत चढवून बोल्ट आवळण्यात त्यांनी बराच वेळ घातला.

उत्कर्षाला एक दुपार आठवत होती. बाळंतपणाची रजा संपत आली, तेव्हा तिनं ओजसला एक दिवस इकडे ठेवून पाहिलं होतं. संध्याकाळी न्यायला आली, तर पोराचा घसा बसलेला. "सर्दी झालीय गं त्याला," आई म्हणाली होती. त्याच आठवड्यात आईनं शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यातलं काम सोडलं. सारखं मशीनवर बसून पाठ धरते, आता घरीच राहीन, ओजसलाही सांभाळीन, म्हणाली. उत्कर्षा तेव्हा चिडली होती. आईला ते काम किती आवडायचं, ते तिला ठाऊक होतं. तिथल्या बायका, दुपारचे एकत्र डबे, नव्या पोरींना काजं करायला शिकवणं. पण आता उद्यापासून तिला स्वतःला तळवड्याच्या ऑफिसात परत रुजू व्हायचं होतं, आणि घरात आई असणार म्हणून तिला आतून बरंही वाटलं होतं.

"अण्णा," ती त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. "त्या दिवशी ओजसला सर्दी नव्हती ना?"

बबनरावांनी पाना खाली ठेवला.

"मी पलीकडच्या खोलीतच बसलो होतो," ते म्हणाले. "पेपर वाचत. हिला सुट्टी होती, भाजी आणायला गेली होती. आली ती चपलांसकट पाळण्याकडं पळाली. तेव्हा मी उठलो. बघतो तर पोराचं तोंड लालबुंद, घामानं भिजलेलं. किती वेळ रडत होता कुणास ठाऊक."

"कधीपासून आहे हे?"

"कंपनीतच लागलं. तुझं बोलणं कळतंय, समोर असलीस की. बारीक आवाज गेले सगळे. कुकरची शिट्टी, फोन. पाखरं." ते थोडं हसले. "कंपनीत दर वर्षी कान तपासायचे. आवाज ऐकू आला की बटन दाबायचं असायचं. मशीनवाल्या पोराचा हात हलला की मी दाबायचो. नाहीतर प्रेसवरून काढून स्टोअरला टाकलं असतं."

"आई काही बोलली नाही?"

"नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, पाठ दुखते, काम सोडते."

"आणि तुम्ही?"

बबनरावांनी बॉनेटची दांडी काढली, पण बॉनेट तसंच हातात धरून ठेवलं.

"मी पाठीला लावायचं तेल आणून दिलं," ते म्हणाले. "रोज झोपताना लावून देतो. ती पण गप पडून राहते. दुखऱ्या पाठीला हात लागला तर माणूस जरा तरी दचकतं, उत्कर्षा. तिचं तसं काहीच नाही."

त्यांनी बॉनेट खाली सोडलं. जिन्यावरून कुणीतरी बादली घेऊन उतरलं, बबनरावांना "काय काका, दुरुस्त झाली का?" असं विचारून गेलं. त्यांनी हात वर केला.

"पोराला माझ्या भरवशावर ठेवू नको," मग ते म्हणाले. "आणि तिलाही माझ्यापायी घरात बसवू नको. दुसरं काहीतरी बघ."

"ऑफिसजवळ एक पाळणाघर आहे. या आठवड्यात मी घरून काम मागून घेते, आणि बघून येते."

"मी पण येतो बघायला."

"या. पण आईला तुम्ही सांगायचं."

वर घरात उत्कर्षाची आई, सुमनताई, कणीक मळत होत्या. ओजस आतल्या खोलीत झोपला होता. बबनराव हात न धुताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"सुमन, उद्यापासून कामावर जा तू. तुझी पाठ दुखत नाही."

सुमनताईंचे हात परातीत थांबले. त्यांनी आधी लेकीकडे पाहिलं. उत्कर्षानं मान खाली घातली, तेव्हा त्या काय ते समजल्या.

"कुणी सांगितलं, दुखत नाही म्हणून?"

"मीच सांगतो. ओजस पाळणाघरात राहील. रविवारी आपण दोघं सांभाळू."

"आणि तुम्ही एकटेच दिवसभर?"

"मी काय करायचं ते मी बघतो. आधी कान दाखवून येतो."

सुमनताईंनी परातीवर ताट झाकलं. नळाखाली हात धुतले, आणि मग बराच वेळ ते पदराला पुसत राहिल्या. कारखान्याच्या मुकादमबाईंना फोन लावून त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"इंद्रायणीताई, मी सुमन बोलतेय. माझं मशीन कुणाला दिलं का हो?" पलीकडचं ऐकत त्या हूं हूं करत राहिल्या. मग हलकेच म्हणाल्या, "येते. उद्याच येते."

बबनराव दारातून दोन पावलं आत आले.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं. "मला ऐकू नाही आलं."

सुमनताई फोन ठेवून वळल्या. मग जवळ आल्या, समोर उभ्या राहिल्या आणि सगळं पहिल्यापासून परत सांगू लागल्या.